शकुंतला, व्हिसा आणि आमचे काका

20 सप्टेंबर 2025 च्या शनिवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी एकच आकडा फिरत होता. एक लाख डॉलर! नव्या एच-वन-बी व्हिसासाठी कंपनीने भरायची रक्कम. ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना ती लागू नाही, हा खुलासा नंतर आला. पण माझ्या चुलतभावाला काय उपयोग? तो तर पुढच्या वर्षी जाणार होता. एचआरने गोड शब्दांत 'सध्या होल्डवर' असं कळवलं. होल्ड म्हणजे काय ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको, बॉस.

त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, कळंब तालुक्यात कापूस पिकवतात. ते फोनवर म्हणाले, "त्यायच्या कापसाले दार उघडं, अन् आपल्या पोट्ट्यायले बंद!"

काकांचा राग हवेतला नव्हता. ऑगस्टमध्येच केंद्राने परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं होतं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग थेट डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येतो तेव्हा! 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता 8,110 रुपये क्विंटल, आणि व्यापारी बोलणार त्याच्या खालीच.

आमच्याकडे पश्चिम आली तीच मुळी कापसासाठी. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. पुढे मुर्तिजापूर-यवतमाळ हा 113 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग ब्रिटिश कंपनीने टाकला, तो काही आपण मामाच्या गावाला जावं म्हणून नव्हे. तीच आपली शकुंतला. तिचं मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं, आणि स्वातंत्र्यानंतरही रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली.

तरी काकांचं सगळंच मला पटत नाही. शुल्क माफ केलं दिल्लीने, व्हिसा महाग केला वॉशिंग्टनने. शिवाय 'त्यायचा' कापूस म्हणजे अमेरिकेचाच, असंही आता राहिलेलं नाही. 2023-24 मध्ये कापूस निर्यातीत ब्राझीलने अमेरिकेला मागे टाकलं. जग सरकलंय. आपल्या घरातलं 'फॉरेन' तेवढं अजून अमेरिकाच आहे.

भावाने मात्र पुण्यात जर्मनचा क्लास लावलाय. कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेऊ, असं जर्मनीने 2024 मध्ये जाहीर केलं होतं. तिथे तो 'इंडियन' होईल. पुण्यात तो 'विदर्भातला' आहे, 'जाऊन राहिलो' म्हणाला की फ्लॅटमेट अजून हसतात. आणि यवतमाळला गेला की 'पुण्याचा'!

त्याने घरी जर्मनीचं सांगितलं तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला.

"तिकडं कापूस होते काय रे?"

"नाही, बाबा."

"मंग जाय."