पूल बंद करण्याआधी आकृती काढा

अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी वाहतुकीस बंद झाला, तेव्हा पुढे काय होणार हे सांगावयास तज्ज्ञाची आवश्यकता नव्हती. एक आकृती पुरेशी होती. चौकांना बिंदू मानावे, रस्त्यांना रेषा. मधून पश्चिम रेल्वेचा मार्ग ओढावा. आसपास तो ओलांडणाऱ्या रेषा मोजक्याच: जोगेश्वरीचा उड्डाणपूल, गोखले पूल, अंधेरीचा भुयारी मार्ग, पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल. यांतून गोखले पूल खोडावा. भुयारी मार्ग पावसाळ्यात तुंबतो, म्हणून तोही तुटक काढावा. उरलेल्या रेषांवर केवढा भार येईल, हे शाळकरी मुलालाही दिसेल.

वाहनसंख्येच्या कोष्टकातून हे दिसत नाही. कोष्टक प्रत्येक पुलाला स्वतंत्र ओळ देते. एक पूल बंद पडला की त्याची वाहने कोणत्या ओळीत शिरतील, याविषयी ते मौन पाळते. अठराव्या शतकात ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडविले तेही पुलांच्या लांबी-रुंदीकडे दुर्लक्ष करून, केवळ जोडणीचा विचार करून. (पाठ्यपुस्तकातली बिंदू-रेषांची आकृती मात्र नंतरची.)

लोकलचे जाळे असेच रेखाटले तर मुलुंडच्या कारकुनाला अंधेरी गाठण्यासाठी दादरपर्यंत का उतरावे लागे, हे तत्काळ उमगते: दोन फांद्यांच्या शेंड्यांमधली वाट बुंध्यावरून जात होती. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अवघ्या ११.४ किलोमीटरच्या एका आडव्या रेषेने तो वळसा वाचविला.

तथापि, पटवून देणारे चित्र फसवूही शकते. हॅरी बेकने १९३३ साली लंडनच्या भुयारी रेल्वेचा जो सुटसुटीत नकाशा दिला, त्यात खरी अंतरे नव्हती. आपल्याकडेही नकाशावर घाटकोपर म्हणजे एक ठिपका; संध्याकाळी त्या ठिपक्यात जिने असतात, रांगा असतात. म्हणून प्रत्येक रेषेवर लागणारा वेळ लिहिलाच पाहिजे, आणि गाडी बदलण्याचाही.

महापालिकेने व रेल्वेने कोणताही पूल बंद करण्यापूर्वी अशा दोन आकृत्या, आधीची व नंतरची, स्थानकांवर लावाव्यात. गोखले पुलाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी कोसळला होता. आकृती काढावयास मध्ये चार वर्षे होती. नव्या पुलाची पहिली बाजू खुली झाली ती २६ फेब्रुवारी २०२४ रोजी.