एका सफेत उभे राहण्यास हरकत कोणाची?

तारापूर, चिंचणी, बोईसर व पालघर येथील समस्त मुसलमान बंधुभगिनींस जाहीर विनंती

या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या इमाम शाफईंच्या मजहबाने चालत आला आहे. आणि तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून उत्तर प्रदेश व बिहार या प्रांतांतून रोजगारासाठी येथे स्थायिक झालेला आपला भाऊ बहुतांशी हनफी आहे. एकाच मशिदीत एकाच इमामाच्या मागे उभे राहिल्यावर एकाने रुकूपूर्वी हात उचलावेत व दुसऱ्याने उचलू नयेत, एकाने उच्च स्वराने आमीन म्हणावे व दुसऱ्याने मनाशी म्हणावे, यात नवल ते काय? परंतु अलीकडे अशा भेदांवरून शेजाऱ्याची नमाज बातल ठरविण्याची, त्याला गुमराह म्हणण्याची आणि त्याच्या मुलांना वेगळ्या मदरशात बसविण्याची जी घातक प्रवृत्ती ठिकठिकाणी बळावत आहे, तिचा आम्ही या पत्रकाने निःसंदिग्ध निषेध करतो.

हे भेद अज्ञानातून जन्मलेले नाहीत. बनू कुरैझाच्या वस्तीत पोहोचेपर्यंत असरची नमाज कोणी पढू नये, असा हुकूम पैगंबरसाहेबांनी सहाबांना दिला असता, वाटेतच वेळ टळू लागली तेव्हा काहींनी हुकुमाच्या शब्दास धरून नमाज लांबविली, तर काहींनी त्वरेने जाण्याचा हेतू ओळखून ती वाटेतच अदा केली. आणि ही हकीकत कानी गेल्यावर पैगंबरसाहेबांनी दोहोंपैकी कोणालाही दोष दिला नाही. खुद्द इमाम शाफईंनी बगदादेत दिलेली कित्येक मते मिसरात गेल्यावर बदलली, आणि त्यांची जुनी व नवी अशी दोन्ही मते त्यांच्या अनुयायांनी ग्रंथांत जतन करून ठेवली. इमाम अबू हनीफांच्या कबरीजवळ फजरची नमाज पढताना त्यांनी आपल्या मजहबातील कुनूत सोडली, असेही परंपरा सांगते. ज्यांच्या नावाने आपण भांडतो त्यांचा अदब हा असा होता.

मतभेदाला सीमा नाही, असे मात्र आमचे म्हणणे नाही. कुरआन, सुन्नत, इज्मा व कियास यांच्या आधारे अधिकारी मुज्तहिदांनी सिद्ध केलेले मत वेगळे आणि मनास येईल ते बरळणे वेगळे. चार मजहबांचे मत पहिल्या कोटीतले आहे. म्हणूनच कोळंबी, माकूल व शेवंड ताटात घेणारा शाफई आणि मासळीखेरीज अन्य जलचर वर्ज्य मानणारा हनफी, ज्याच्या आलिमांत कोळंबीविषयीही एकमत नाही, हे दोघे एकाच दस्तरखानावर बसू शकतात. कोणी कोणाच्या ताटाची झडती घेण्याचे कारण नाही. असरच्या वेळेत दोन्ही मतांत साधारण तासाभराचे अंतर पडते. पाळीचे काम करणाऱ्या कामगाराला त्यात अडचण नसून सवलतच आहे.

आणि या सवलतीचे मोल आपल्या भगिनींनी सर्वांत अधिक जाणले आहे. 1864 साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले की, शाफई घरात वाढलेल्या एका मुलीने वयात आल्यावर हनफी मत स्वीकारून वडिलांच्या संमतीवाचून निकाह केला होता. न्यायालयाने तो निकाह वैध ठरविला. पुढे बेपत्ता नवऱ्याच्या स्त्रीचा प्रश्न उभा राहिला. हनफी फिकहच्या प्रचलित मताप्रमाणे नवऱ्याचे समवयस्क निवर्तेपर्यंत तिने वाट पाहावी, अशी स्थिती होती, आणि या जाचातून सुटण्यासाठी काही स्त्रिया धर्मत्यागापर्यंत गेल्या होत्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या थोर हनफी आलिमांनी निकडीच्या प्रसंगी मालिकी मताचा अवलंब करण्यास मुभा दिली, आणि 1939 च्या मुस्लिम विवाह-विच्छेद अधिनियमात नवरा चार वर्षे बेपत्ता असल्यास फसखचा हक्क स्त्रीस मिळाला. दुसऱ्या मजहबाचे मत हराम मानणाऱ्यांनी या सुटकेकडे पाहावे आणि मग उत्तर द्यावे.

आपल्या मुलखाची रीतही आपण विसरू नये. शेजारच्या चिंचणीस मिळालेल्या शके 848, म्हणजे इसवी सन 926 च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजाण मंडळाचा कारभार मधुमती सुगतीप या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे असल्याचा उल्लेख आहे. त्याने वाटसरूंसाठी विनामूल्य तर व अन्नछत्र चालविले आणि राजाच्या अनुज्ञेने देवीच्या मठिकेस जमीन दिली. ज्या किनाऱ्यावर परधर्मीयाच्या उपासनेस असा आधार मिळाला, तेथे एकच कलमा पढणाऱ्या दोघांनी परस्परांस मशिदीच्या दारात अडवावे, हे लाजिरवाणे आहे. 1889 मध्येच अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उच्च स्वराने आमीन म्हणतो एवढ्यावरून कोणाही मुसलमानास मशिदीतून रोखता येत नाही. कचेरीला सांगावे लागले, हेच मुळी दुःखद.

तरी मशिदींच्या विश्वस्तांस व पेशइमामांस आमची आग्रहाची विनंती की, अमुक मस्लकाच्या माणसाने येऊ नये असा फलक कोठे असेल तर तो आजच उतरवावा. येत्या जुम्म्याच्या बयानात दोन्ही मजहबांची नमाज दुरुस्त आहे असे स्पष्ट शब्दांत जाहीर करावे. आणि शेजारी हात उचलणारा वा न उचलणारा कोणीही असो, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे.