टोपीवाले माकड

बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरी लेणी पाहायला जाल, तेव्हा तिथल्या लाल तोंडाच्या माकडांची डोकी जरा न्याहाळा. डोक्याच्या मधोमध भोवरा आणि तिथून चहूकडे पसरलेले केस. जणू टोपीच घातली आहे! म्हणून इंग्रजांनी त्याला ‘बॉनेट’, म्हणजे टोपीवाले माकड म्हटले.

दूर दक्षिण अमेरिकेच्या रानातल्या एका लहान माकडाचे बारसेही असेच झाले. त्याचा तपकिरी रंग आणि डोक्यावरचा गडद पट्टा पाहून युरोपच्या लोकांना कापुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा झगा व टोपडे आठवले. माकडाचे नाव पडले कापुचिन!

आपल्याकडे नावे ठेवली ती आवाजावरून आणि शेपटीवरून. काळ्या तोंडाच्या वानराचा नर ‘हुप्प’ करतो, म्हणून तो हुप्प्या. संस्कृतात शेपटी म्हणजे लांगूल, त्यावरून लंगूर.

पिकात दोघेही उतरतात, पण ओळख असलेली बरी. वानराचा भर पाल्यावर. टोपीवाल्याच्या गालात मात्र पिशव्या असतात. तो भराभर दाणे, फळे त्यात कोंबतो आणि झाडावर जाऊन निवांत खातो. राखणदार धावून येईपर्यंत याचे काम झालेले असते.

म्हणून एक सांगणे. लेण्यांवर किंवा देवस्थानी पुण्य म्हणून त्याला चणे-केळी देऊ नका. माणसाच्या हातचे खाऊन चटावलेले माकड पुढे पिशव्या हिसकावते, घरात शिरते. त्याचे पोट रानात भरते. ते तिथेच भरू द्यावे.