विश्लेषण : दिग्रसच्या बारमध्ये बिअर महाग का झाली? आणि स्वस्त काय राहिले?

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावात ‘बार’ या शब्दाचा अर्थ बदलतो आहे. काळोखी खोली, टेबलांमध्ये प्लायवूडचे आडोसे, दारावर जाड पडदा आणि बाहेर ‘परमिट रूम’ची पाटी, हे जुने चित्र. आता त्याच धंद्याला ‘गार्डन’, ‘फॅमिली रेस्टॉरंट’ अशी नावे आली. एसी हॉल, मोठा टीव्ही आणि टेबलावर क्यूआर कोड आला. सोबत बिलही फुगले. बिल फुगले तसा एक वर्ग बारमधून उठला आणि बिअर शॉपीकडे, ढाब्यावर किंवा थेट देशीच्या दुकानाकडे वळला.

बिअर महागली म्हणून हळहळावे का? बाटलीमागे पैसे उडवणाऱ्यांसाठी अश्रू ढाळायचे कारण नाही. पण कोणती दारू महाग आणि कोणती स्वस्त ठेवायची हे सरकार ठरवते, आणि त्या निर्णयाचा परिणाम पिणाऱ्यापेक्षा त्याच्या घराला जास्त भोगावा लागतो. म्हणून हा हिशेब सोप्या भाषेत.

परमिट रूम म्हणजे नेमके काय?

आपल्या राज्यात दारूचा सगळा कारभार १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतो. कायद्याचे नावच ‘दारूबंदी’ आहे. म्हणजे बंदी हा नियम आणि पिण्याची परवानगी हा अपवाद. ही परवानगी म्हणजे ‘परमिट’, आणि परमिटधारकाला बसून पिता येईल ती जागा म्हणजे परमिट रूम. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचे परमिट ५ रुपयांना, वर्षाचे १०० रुपयांना आणि आजीवन १००० रुपयांना मिळते. बिअरसाठी किमान वय २१ आणि व्हिस्की, रमसारख्या कडक मद्यासाठी २५ आहे. कायद्याने बिअर आणि कडक दारू यांत फरक केला आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

परवान्यांचेही प्रकार आहेत. बार आणि परमिट रूमला एफएल-३, सीलबंद विदेशी दारू विकणाऱ्या वाइन शॉपला एफएल-२, बिअर शॉपीला एफएल/बीआर-२ आणि देशी दारूच्या दुकानाला सीएल-३. चौघांचे शुल्क वेगळे, ग्राहक वेगळा आणि भाव ठरण्याची पद्धतही वेगळी.

बाटलीच्या किमतीत काय काय असते?

बिअरचा मुख्य कच्चा माल म्हणजे जवापासून केलेले माल्ट. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर जव आणि काच दोन्ही महागले. त्याच्यावर राज्याचे उत्पादन शुल्क लागते आणि ५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेल्या ‘स्ट्राँग’ बिअरला ‘माइल्ड’पेक्षा जास्त लागते. मग व्हॅट. शिवाय एक छुपा खर्च आहे. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. कंपनी काचेच्या बाटलीवर, यंत्रसामग्रीवर जीएसटी भरते, पण विकलेल्या बिअरवर जीएसटीच नसल्याने तो परत वळता करून घेता येत नाही. तोही शेवटी किमतीत मिसळतो.

बिअर एवढी महागली की तिची विक्री घटू लागली, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द राज्य सरकारने शुल्काचा फेरविचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला होता. त्यावर समाजमाध्यमांत भरपूर विनोद झाले. पण करवाढ एका मर्यादेपलीकडे गेली की महसूल वाढण्याऐवजी घटू शकतो, हा त्यामागचा प्रश्न खरा होता.

मग बारमध्येच बिल एवढे का वाढते?

१ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला. २०२५-२६ साठी परवाना शुल्कही १५ टक्क्यांनी वाढले. विदेशी मद्यावरच्या शुल्कवाढीची त्यात भर पडली आणि १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातील बारचालकांनी एक दिवसाचा बंद पाळला.

बारचालकांची तक्रार खोटी नाही, पण पूर्णही नाही. गणित करून पाहा. समजा मेनूकार्डावर बिअर २५० रुपयांना आहे. ५ टक्के व्हॅट असताना बिल २६२ रुपये ५० पैसे व्हायचे, १० टक्क्यांनी ते २७५ होते. फरक साडेबारा रुपयांचा. दुकानात समजा २०० रुपयांना मिळणारी बाटली बारमध्ये २७५ ला पडत असेल, तर वरच्या ७५ रुपयांपैकी २५ रुपये व्हॅटचे आणि ५० रुपये बारचे. त्या ५० रुपयांत भाडे, वीजबिल, वेटरचा पगार, परवाना शुल्क आणि नफा आला. एसी हॉल आणि गार्डनचा खर्चही ग्राहकाच्याच टेबलावर येतो. ‘सरकारनेच महाग केली’ हे वाक्य बिलावरच्या प्रत्येक रुपयाला लागू होत नाही.

एमआरपीपेक्षा जास्त घेता येते का?

बारमध्ये, होय. तिथे तुम्ही नुसती बाटली विकत घेत नाही, बसायची जागा आणि सेवाही घेता. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त दराने देता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये याच तर्काने दिला.

बिअर शॉपी आणि वाइन शॉपमध्ये मात्र, नाही. तिथे छापील किंमत हीच शेवटची. ‘चिल्ड’च्या नावाखाली पाच-दहा रुपये जास्त मागणे नियमात बसत नाही. पैसे यूपीआयने दिले असतील तर तुमच्याकडे पुरावाही असतो. तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे किंवा वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते.

बारमधून उठलेला ग्राहक कुठे गेला?

पहिला रस्ता बिअर शॉपीचा. बाटली घ्यायची आणि शेताचा बांध, धरणाचा काठ किंवा गाडीची टपावरची जागा गाठायची. दुसऱ्या दिवशी तिथे फुटलेल्या काचा आणि प्लास्टिकचे ग्लास उरतात. आपल्या भागात सोयाबीन, तूर, कपाशीच्या कामात मजूर अनवाणी वावरात उतरतात. त्या काचेची किंमत कुठल्याच मेनूकार्डावर छापलेली नसते.

दुसरा रस्ता ढाब्याचा. पुसद, दारव्हा, आर्णी, मानोरा अशा चारही दिशांनी दिग्रसला रस्ते येतात आणि गाडीवाल्याला परवाना आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते. पण विनापरवाना पिण्याची सोय करून देणे हा दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे, आणि तिथे बसून पिणाऱ्यालाही कलम ८४ लागू होते. शिवाय ढाब्यावरून घरी जायला दुचाकीच असते. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले, तर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

गावातला बार महाग झाला की लोक पिणे सोडत नाहीत, जागा बदलतात. परवान्याच्या बारमध्ये निदान वयाची अट, बंद होण्याची वेळ आणि तपासणी तरी असते. बांधावर यातले काहीच नाही.

तिसरा रस्ता सर्वांत घातक. तो देशीच्या दुकानाकडे जातो.

अल्कोहोलच्या मापाने कोणती दारू किती रुपयांना?

१० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्काची नवी रचना मंजूर केली. लिटरमागे २६० रुपयांपर्यंत निर्मिती मूल्य असलेल्या विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मिती मूल्याच्या तिप्पटवरून साडेचार पट झाले. देशीचे शुल्क प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये झाले. धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराची भर पडली. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८०, महाराष्ट्र मेड लिकरसाठी १४८, विदेशी मद्यासाठी २०५ आणि उच्च दर्जाच्या विदेशी मद्यासाठी ३६० रुपये ठरली. बिअर आणि वाइनला या वाढीतून वगळले. सरकारला यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित होता.

आता बाटली बाजूला ठेवून आतल्या शुद्ध अल्कोहोलचा हिशेब करू. देशी आणि विदेशी क्वार्टरमध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के असते. म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये सुमारे ७७ मिलिलिटर. स्ट्राँग बिअरमध्ये जास्तीत जास्त ८ टक्के, म्हणजे ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर. माइल्डमध्ये ५ टक्के धरले तर साडेबत्तीस.

बिअर दुकानात २०० रुपयांना धरली, तर एक मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलचा भाव असा पडतो :

देशी : सुमारे १ रुपया
महाराष्ट्र मेड लिकर : सुमारे १ रुपया ९० पैसे
विदेशी मद्य : सुमारे २ रुपये ६५ पैसे
स्ट्राँग बिअर, दुकानात : सुमारे ३ रुपये ८५ पैसे
स्ट्राँग बिअर, बारमध्ये २७५ रुपयांना : सुमारे ५ रुपये ३० पैसे
माइल्ड बिअर, दुकानात : सुमारे ६ रुपये १५ पैसे

ही उतरंड पुन्हा एकदा खालून वर वाचा. जी सर्वांत सौम्य, ती सर्वांत महाग. जी सर्वांत कडक आणि गरिबाच्या हाताशी, ती सर्वांत स्वस्त. कायदा २१ वर्षांच्या मुलाला बिअर घेऊ देतो आणि कडक दारूसाठी २५ पर्यंत थांब म्हणतो. भाव मात्र त्याला उलट सांगतो की कमी पैशात जास्त चढायला हवी असेल तर क्वार्टर घे.

२०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. बारमधली एक बिअर म्हणजे जवळजवळ अख्ख्या दिवसाची मजुरी. सोयाबीनच्या ५,३२८ रुपये हमीभावाने मोजली तर पाच किलोंहून जास्त सोयाबीन. देशीची बाटली मात्र त्या मजुरीच्या चौथ्या हिश्श्यात येते. एवढी जवळ असलेली दारू रोज परवडते. आणि रोज परवडणे हाच तर घात आहे.

मग दारूबंदीच का नको?

यवतमाळ जिल्ह्यात ही मागणी जुनी आहे. ‘स्वामिनी’ अभियानातून हजारो महिलांनी ती रस्त्यावर येऊन मांडली. त्यांचा राग समजून न घेता या विषयावर बोलणेच चूक ठरेल. २००८ च्या आदेशानुसार गावात किंवा वॉर्डात मतदान घेऊन निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडली, तर दुकान बंद करता येते. हा लोकशाहीतला हक्क आहे आणि तो टिकायला हवा.

पण जिल्हाभर बंदीचा अनुभव आपल्या शेजारीच आहे. वर्ध्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. अवैध विक्री आणि तस्करी वाढल्याचे कारण त्यामागे दिले गेले. दुकान बंद करणे एका सहीचे काम, चोरवाट बंद करणे रोजचे काम. दुसरे होणार नसेल तर पहिल्याचा फायदा तस्करालाच होतो.

मग काय करायला हवे?

माझे मत असे की कर निर्मिती मूल्यावर नाही, अल्कोहोलच्या प्रमाणावर लावावा. ब्रिटनने १ ऑगस्ट २०२३ पासून हेच केले. तिथे कर पेयातल्या अल्कोहोलच्या टक्केवारीवर ठरतो, आणि पबमध्ये नळातून दिल्या जाणाऱ्या बिअरला थोडी सवलत आहे, जेणेकरून माणूस घरात एकटा ढोसत बसण्यापेक्षा चार लोकांत बसून पिईल. स्कॉटलंडने २०१८ पासून अल्कोहोलच्या मापाने किमान किंमतच ठरवून दिली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. देशी एकदम महाग केली तर गरीब माणूस मोहाच्या हातभट्टीकडे जाईल. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक जीव गेले, ते विसरता येत नाही. म्हणून ही वाढ टप्प्याटप्प्याने आणि हातभट्टीवरच्या कारवाईसोबतच हवी. दुसरा आक्षेप असा की बिअर स्वस्त केली तर नवी पोरे पिऊ लागतील. तोही खरा. म्हणून मी बिअर स्वस्त करा म्हणत नाही. मी म्हणतो, तिच्यात आणि देशीत अल्कोहोलच्या मापाने जी जवळजवळ चौपट दरी आहे, ती कमी करा, आणि ती कडक दारूच्या बाजूने वर चढवून कमी करा.

सोबत दोन साध्या गोष्टी. ढाब्यांवरची कारवाई सण-निवडणुकीपुरती न राहता वर्षभर व्हावी. आणि जादा महसुलातला ठरावीक हिस्सा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्ती समुपदेशकावर खर्च व्हावा. आज दिग्रसच्या माणसाला बाटली चालत जाऊन मिळते. ती सोडवायची मदतही तेवढ्याच अंतरावर मिळायला हवी.