दोष घेणाऱ्याचाच कसा?

‘जुनी गाडी घेताना फसला, तर चूक घेणाऱ्याचीच’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. मीटर मागे फिरवलेले, अपघात दडवलेला, हे हिंगोली-वसमतच्या शेतकऱ्याने नुसते पाहून कसे ओळखावे? व्यावसायिक विक्रेत्याने गाडीची खोटी माहिती देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथाच आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते आधी मागावे. मालकी आणि कर्जाचा बोजा ‘वाहन’ पोर्टलवर तपासावा, हे लेखकाचे म्हणणे रास्त. पण फसलेल्यांनी गप्प बसू नये. जाहिरात, पावती जपून ठेवावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागावी.

– एक वाचक, कळमनुरी (जि. हिंगोली)