अठरानंतरचा सातबारा

शहाद्याच्या बसस्थानकावर म्हणा, भाजीबाजारात म्हणा, चाळिशी ओलांडलेला एखादा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा असतो. नंदुरबारची एस.टी. लागली की कंडक्टरच्या आधी तोच ओरडतो. चहावाल्याचे ग्लास विसळतो, बदल्यात अर्धा कप चहा घेतो. दुपारी न चुकता घरी जेवायला जातो. घर मोठ्या भावाचे. ताट वहिनी वाढते. आई होती तोवर आई वाढायची.

गावाला वाटते, याचे बरे चालले आहे. मला तसे वाटत नाही. वहिनी साठीला टेकली आहे आणि तिची मुले सुरत-नाशिकला स्थायिक झाली आहेत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या आया विचारतात, “मना मांगे याले कोन देखी?” त्यावर आपण आजवर एकच उत्तर दिले आहे : वहिनी देखी. बौद्धिक दिव्यांग माणसाला एकत्र कुटुंब सांभाळते असे आपण अभिमानाने सांगतो. प्रत्यक्षात त्याला सांभाळते एकच बाई, बहुधा लग्न होऊन त्या घरात आलेली. तिला कोणी विचारलेले नसते.

आणि याच माणसाचे नाव सातबाऱ्यावर असते, हे आपण सोयीने विसरतो. वडील गेले तेव्हा तो लहान असेल तर नावाला अपाक (अज्ञान पालनकर्ता) शेरा लागतो. अठरा पूर्ण झाली की शेरा काढता येतो आणि कागदावर तो इतरांसारखाच सज्ञान खातेदार होतो. ऊस, केळी, पपईचे पैसे घरात येतात. त्यात त्याचे किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तेव्हा तो भावाच्या घरी फुकट जेवतो, असे कृपा करून कोणी म्हणू नये. तो स्वतःच्या जमिनीवर जेवतो.

सातपुड्याच्या पाड्यांवरची गोष्ट वेगळी. तिथे हिश्श्याला येण्याइतकी जमीनच नसते आणि दिवाळीनंतर घर ऊसतोडीला गुजरातकडे निघते. असा मुलगा आजीजवळ मागे राहतो किंवा टोळीबरोबर फडावर जातो. आधार काय तो संजय गांधी निराधार योजनेचा. राज्याने 2025 मध्ये दिव्यांगांसाठी तिची मासिक रक्कम 1500 वरून 2500 रुपये केली. तेवढ्यात महिनाभराचा सांभाळ होत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला भिडलेली माणसे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव लावले. अठरा झाली की बालगृह सोडायचे, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे भांडत आले; सरकारने 2024 मध्ये त्यांना पद्मश्री दिली. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने खोणी गावात ‘घरकुल’ उभे केले. बदलापूरची ‘आधार’ही पालकांनीच काढलेली. मुळशीत कोळवणला ‘साधना व्हिलेज’ आहे. या सगळ्यांविषयी मला आदर आहे. पण शहाद्याच्या माणसाला तिथे पाठवायचे तर रात्रीच्या गाडीने न्यायचे आणि कायमचे सोडून यायचे. त्याचे बसस्थानक आणि त्याची ओळखीची माणसे इथेच राहणार. शिवाय प्रत्येक जिल्ह्याला एक पापळकर मिळेल, या भरवशावर बसता येत नाही. लोकांच्या नजरेआड, बंद दाराच्या संस्थेत काय होऊ शकते, ते 2011 मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीत बौद्धिक दिव्यांग मुलींवरच्या अत्याचारांतून उघड झालेच आहे.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा कलम 5 मध्ये स्पष्ट सांगतो, की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. इंग्लंडमध्ये मोठमोठी निवासी रुग्णालये बंद करून अशी माणसे वस्तीतल्या साध्या घरांत राहायला आली. तिथल्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार पटते. घराचा करार एकाशी आणि मदतनिसाचा करार दुसऱ्याशी. मदत करणारा नीट वागला नाही तर त्याला बदलायचे. राहणाऱ्याला घर सोडावे लागत नाही. आपल्या आश्रमांत छप्पर, जेवण आणि सांभाळ एकाच विश्वस्ताच्या हाती असतो, म्हणून तक्रार करायची तर छप्परच जाते.

शहाद्यात हे अशक्य नाही. चार-पाच कुटुंबांनी मिळून बाजारापासून पायी अंतरावर एक घर घ्यावे किंवा भाड्याने धरावे. भाडे आणि सांभाळणाऱ्या ताईचा पगार मुलांच्या शेतीच्या हिश्श्यातून जावा. आईवडील हातीपायी धड आहेत तोवरच मुलाने तिथे आठवड्यातून दोन रात्री राहायला लागावे. आई गेल्याच्या तेराव्याला त्याची पिशवी भरून अनोळखी दारात उभे करणे, याला मी सोय म्हणत नाही. पाड्यांवरच्या मुलांकडे हिस्सा नाही. त्यांचा वाटा सरकारनेच उचलायला हवा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाचीच योजना आहे आणि नगरपालिका-ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. अनेक ठिकाणी तो निधी मार्चअखेरीस किरकोळ वाटप करून संपवला जातो. त्यातून एका घराचे भाडे निघू नये?

“भावावर विश्वास नाही का,” असे कोणी विचारील. विश्वास असेल तर कागद करायला हरकत कसली? राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग प्रौढासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. मालमत्ता त्याच्या हाती दिली असेल तर सहा महिन्यांत तिची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. भावाच्या भलेपणाला त्याने बाधा येत नाही. पुतण्यांच्या पिढीत मात्र हाच कागद उपयोगी पडतो.

ज्यांच्या घरी असे मूल अठरा ओलांडून गेले आहे, त्यांनी या महिन्यात दोन अर्ज करावेत. पालकत्वाचा अर्ज नंदुरबारला जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि 5 टक्के निधीतून अशा घराचे भाडे मिळावे असा दुसरा आपल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. दुसऱ्या अर्जावर चार-पाच घरांच्या सह्या एकत्र असू द्या. आणि दोन्ही अर्जांची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.