पाणंदीतील मालट्रक आणि एक उपेक्षित दांडा

कांदा वा ऊस भरण्यासाठी मालट्रक आता थेट बांधापर्यंत नेला जातो. यामुळे शेतकऱ्याचे श्रम वाचतात, हे निर्विवाद होय. परंतु या वाटेवर गाडीच्या एका भागाची मोठी हानी होत असूनही त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तो भाग म्हणजे स्टॅबिलायझर बार.

स्प्रिंगच्या पोलादाचा हा वाकविलेला दांडा डाव्या व उजव्या चाकांच्या बाजू एकमेकींस जोडतो. वळणावर गाडी एका अंगास कलू लागली की तो पिळला जातो व त्या कलण्यास विरोध करतो. पाणंदीत मात्र एक चाक चाकोरीत उतरते, तर दुसरे उंचवट्यावर चढते. त्यामुळे दांड्यास पुनःपुन्हा उलटसुलट पीळ बसतो. चिखल व वाळू यांच्या घर्षणाने रबरी बुश झिजतात, लिंकचे सांधे ढिले होतात आणि अखेर गंजलेल्या वा ओरखडा पडलेल्या जागी तडा जाऊन दांडा मोडतो.

अशा वेळी कित्येक चालक दांडा काढून ठेवतात. त्यावाचून गाडी शेतात अधिक चांगली चालते, असे त्यांचे म्हणणे असते. ते अगदीच निराधार नव्हे. दांडा सुटा असल्यास उंचसखल जमिनीवर चाके अधिक मोकळेपणाने खालीवर होतात. परंतु गाडीचा प्रवास शेतात संपत नाही. गोण्यांची उंच थप्पी घेऊन तीच गाडी बाजार समितीकडे निघते आणि घाटातील वळणावर येते. तेथे भाराचा झोक आवरणारा दांडा नसेल, तर गाडी उलटण्याचा धोका वाढतो. तेव्हा मालच नव्हे, माणसांचे प्राणही पणास लागतात. अशा काटकसरीस काटकसर म्हणता येणार नाही.

मोडलेला दांडा वेल्डिंगने सांधणे हाही उपाय नव्हे. त्या आचेने पोलादाचे पाणी उतरते आणि दांडा जोडाजवळ पुन्हा मोडतो. नवा दांडा बसविणे हेच हिताचे. पाणंदीतून गाडी परतल्यावर खालचा चिखल धुवावा. बुश, लिंक व नटबोल्ट पाहावेत. खालून खडखड ऐकू येऊ लागल्यास किंवा वळणावर गाडी नेहमीपेक्षा अधिक कलू लागल्यास भरती करण्यापूर्वीच ती कारागिरास दाखवावी. बुश बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत.

तथापि सारा दोष चालकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. चाकोऱ्या वेळीच मुरूम घालून बुजविणे, पाण्यास चर काढून देणे आणि शेतात वेगास आवर घालणे, हे सर्वांचे काम आहे. राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना मंजूर केली, ती शेतरस्त्यांची निकड ओळखूनच. पीक चांगले यावे म्हणून गावपातळीवरील कार्यकर्ते झटतात. ते पीक व ते नेणारी माणसे बाजारात सुखरूप पोहोचावीत, हेही विस्तारकार्याचेच अंग होय. सुगीपूर्वीच्या सभेत गाडीखाली वाकून हा दांडा शेतकरी बांधवांस एकदा दाखवावा. एवढ्यानेही पुष्कळ कार्य होईल.